जुन्या जीपगाडीचें नवें नाक

वैशाखांतल्या दुपारीं आर्वी तालुक्यांतील रोहणा गांवाच्या शिवारांत कोणी उभें राहिलें, तर दोन गोष्टी त्याला एकदमच जाणवतात: एक उष्मा आणि दुसरी धूळ. वर्धा जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. कपाशीचीं शेतें त्या वेळीं मोकळीं पडलेलीं असतात, काळ्या रानाला भेगा गेलेल्या असतात, आणि पांदणींतून एखादी गाडी गेली, कीं तिच्यामागें उठलेला फुफाटा ती दिसेनाशी झाल्यावरहि बराच वेळ हवेंत तरंगत राहतो. अशा वाटांवर उपयोगी पडतात त्या उंच चाकांच्या जुन्या गाड्या: जीप, सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ. त्यांतील एखादीच्या बॉनेटवर मध्यभागीं एक फुगवटा बसविलेला दिसतो. पुढें तोंड उघडें, मागें उतार; जणूं गाडीला नवें नाक फुटलें आहे. शहरांतील मंडळींनीं हेंच नाक नागपूर-पुण्याच्या रस्त्यांवर पाहिलेलें असतें. गॅरेजांत त्याला ‘स्कूप’ म्हणतात.

हें नाक कशासाठीं, असें विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें. गाडी मोकळा श्वास घेते, एंजिन थंड राहतें आणि ताकद वाढते. तिन्ही विधानें ऐकावयास गोड आहेत. परंतु त्यांत खरें किती, आणि जें खरें आहे त्याची किंमत रोहण्यासारख्या ठिकाणीं कोणत्या नाण्यांत चुकवावी लागते, हें समजून घ्यावयाचें तर एंजिन श्वास घेतें म्हणजे नेमकें काय करतें, येथूनच आरंभ केला पाहिजे.

मोटारीचें एंजिन हें मुख्यतः हवा ओढणारें यंत्र आहे. लोक हिशेब ठेवतात तो तेलाचा, कारण तें विकत घ्यावें लागतें. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक एक किलो डिझेल पुरतें जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. जुन्या बोलेरोंत असे तसें अडीच लिटर घनफळाचें एंजिन घेतलें, तर दर दोन फेऱ्यांत एकदां तें अडीच लिटर हवा पोटांत घेतें. मिनिटाला दोन हजार फेरे होत असतील, तर मिनिटाला अडीच हजार लिटर, म्हणजे तासाला दीडशें घनमीटर हवा त्याच्यांतून जाते. पंधरा फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि बारा फूट उंच असा एखादा प्रशस्त दिवाणखाना डोळ्यांपुढें आणावा. तशा दोन दिवाणखान्यांतील सारी हवा हें एंजिन एका तासांत पिऊन टाकतें. या एका आंकड्यांत पुढील सर्व कथेचें बीज आहे.

आतां दुसरी गोष्ट. एंजिन हवा घेतें मापानें, पण ती कामीं येते वजनानें. हवा तापली कीं फुगते, आणि तेंच माप वजनाला हलकें भरतें. मार्गशीर्षांतील पहांटे १२ अंशांवर असलेली हवा वैशाखांतील ४५ अंशांच्या हवेपेक्षां शेंकडा अकरा-बारा भागांनीं जड असते. म्हणूनच तीच गाडी, तोच चालक, तोच चढ. परंतु थंडींत ती हुशार वाटते आणि उन्हाळ्यांत मरगळलेली. यांत भास नाहीं, साधा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. स्कूप बसविणारा याच नियमावर बोट ठेवून दोन वचनें देतो. पहिलें असें, कीं धांवत्या गाडीच्या वेगानें हवा त्या तोंडांत कोंबली जाईल. दुसरें असें, कीं बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजीं बाहेरची थंड हवा एंजिनाला मिळेल. ही दोन वचनें एकमेकांपासून वेगळीं करून तोलणें अवश्य आहे.

प्रथम कोंबण्याचें पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर वाऱ्याचा जो दाब पडतो, तो वातावरणाच्या दाबाच्या हजारांत केवळ दीड भाग इतका असतो. वेग १०० किलोमीटर केला तरी हजारांत चार भाग. म्हणजे आर्वीच्या रस्त्यावर शक्य असलेल्या कोणत्याहि वेगाला हा लाभ शेंकड्यांत अर्ध्यापर्यंतहि पोहोंचत नाहीं. मग विमानांना तशीं तोंडें कां असत? कारण हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमान ताशीं ५५० किलोमीटर वेगानें जाई, तेव्हां हाच दाब शेंकडा चौदापर्यंत चढे, आणि तेथें त्याचा उपयोग निर्विवाद होता. विमानाचें नाक पाहून जीपला तसेंच नाक लावणें म्हणजे गरुडाचे पंख पाहून बैलाला पिसें बांधण्यासारखें आहे.

दुसरें वचन मात्र इतकें पोकळ नाहीं. जुन्या जीपगाडींत हवा गाळण्याचा डबा बॉनेटखालीं एंजिनाच्या कुशींतच बसविलेला असे. तेथील हवा ६५ अंशांवर गेली आणि बाहेर ४५ अंश असले, तर बाहेरची हवा शेंकडा सहा भागांनीं जड पडते. कोंबण्यापेक्षां हा लाभ किती तरी पटींनीं मोठा. परंतु येथें दोन अटी आहेत. पहिली ही, कीं पुढील काळांतल्या अनेक गाड्यांत कारखान्यानेंच हवेची नळी पुढील जाळीपाशीं किंवा दिव्याच्या मागें नेऊन ठेवलेली असते. ज्या गाडीचें नाक आधींच बाहेर आहे, तिला दुसरें नाक लावून कांहीं मिळावयाचें नाहीं. दुसरी अट डिझेलची. पेट्रोलच्या गाडींत हवा वाढली कीं तिच्या मापानें पेट्रोलहि ओढलें जातें. डिझेलच्या एंजिनांत तेल किती जावयाचें हें पंप ठरवितो, आणि हवा बहुधा गरजेहून अधिकच असते. तेव्हां नुसती हवा वाढविल्यानें धूर थोडा पातळ होईल, परंतु गाडी जोर धरणार नाहीं. मग मालकाची निराशा होते, आणि मेस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून तेल वाढवून देतो. गाडी कांहीं दिवस उड्या मारते. त्याबरोबर काळा धूर, तेलाचा खप आणि पिस्टनवरची उष्णता हींहि वाढतात. श्रेय स्कूपला मिळतें आणि शिक्षा एंजिनाला.

मग बॉनेटवरचें हें तोंड सर्वथैव निरर्थकच काय? तसें नाहीं. एक जागा अशी आहे, कीं जेथें तें शोभेचें नसून कामाचें असतें. टर्बो बसविलेल्या एंजिनांत एक छोटा पंखा हवा दाबून सिलिंडरांत भरतो. दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचें तळाचें टोक हाताला चटका देतें, तें याच कारणानें. उन्हाळ्यांतील ४५ अंशांची हवा टर्बोनें दाबली, कीं ती सहज १२० अंशांच्या घरांत जाते. दाबून मिळविलेलें वजन अशा रीतीनें तापून गमावूं नये, म्हणून वाटेंत तिला निवविण्यासाठीं रेडिएटरसारखी एक जाळी ठेवतात. तिला इंटरकूलर म्हणतात. कांहीं गाड्यांत ही जाळी एंजिनाच्या डोक्यावर आडवी ठेवलेली असते. खालीं तापलेलें एंजिन, वर बंद बॉनेट. अशा ठिकाणीं बाहेरचा वारा आणून देणारें तोंड नसेल, तर ती निवविणारी जाळीच तापविणारी होईल. नाशिकच्या कारखान्यांतून २००२ सालीं बाहेर पडूं लागलेल्या स्कॉर्पिओच्या पुढील टर्बो-डिझेल आवृत्त्यांवर, तसेंच २००९ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या तीन लिटरच्या पहिल्या फॉर्च्युनरवर बॉनेटचें तोंड आहे, तें यासाठीं. ध्यानांत ठेवावयाची गोष्ट ही, कीं त्या तोंडांतून गेलेली हवा एंजिनाच्या पोटांत जात नाहीं. ती जाळीवरून वाहून बाहेर पडते. नाक म्हणावें असें तें नाकच नव्हे. तो एक वाळ्याचा पडदा आहे.

वस्तूचा आकार गरजेंतून जन्मतो आणि मग गरज संपली तरी मिरवत राहतो, याचें उदाहरण जीपच्याच घराण्यांत आहे. १९४९ सालीं मुंबईंत माझगांव येथें विलिस जीपची जोडणी सुरू झाली. अमेरिकेंत विलिस कंपनीनें १९५३ मध्यें जें नवें रूप काढलें, त्यांतील एंजिनाची झडप डोक्यावर गेल्यानें एंजिनाची उंची वाढली, आणि तें मावावें म्हणून बॉनेटहि उंच करणें भाग पडलें. तीच उंच कपाळाची जीप पुढें अनेक दशकें हिंदुस्थानांत बनत राहिली. कपाळ उंच झालें तें ऐटीसाठीं नव्हे, तर आंतील माणसाला डोकें वर करतां यावें म्हणून. उलटपक्षीं अमेरिकेंत १९६९ सालच्या फोर्ड मस्टँगच्या कांहीं गाड्यांत हवेचें तोंड थेट एंजिनावर बसवून बॉनेटच्या भोंकांतून वर काढलेलें असे; एंजिन थरथरलें कीं तेंहि थरथरे, म्हणून त्याला ‘शेकर’ हें नांव पडलें. त्या थरथरीची तरुणांना इतकी मोहिनी पडली, कीं पुढें बॉनेटवर नुसता आकार असला तरी पुरे, असा काळ आला. आज बाजारांत मिळणारे प्लॅस्टिकचे कित्येक स्कूप दुहेरी चिकटपट्टीनें पत्र्यावर डकविलेले असतात आणि त्यांच्याखालीं भोंकहि नसतें. असा स्कूप खरा कीं खोटा हें पाहण्याची रीत सोपी आहे. बॉनेट उघडून खालच्या बाजूनें पाहावें. भोंक आहे काय, भोंकाखालीं इंटरकूलरची जाळी आहे काय, आणि बॉनेट मिटलें असतां दोहोंच्या मध्यें वारा निसटूं न देणारी रबराची चौकट बसते काय? तिन्ही उत्तरें होकारार्थी आलीं, तर स्कूप खरा. नाहीं तर तो दागिना आहे.

एक दृष्टीनें पाहतां चिकटवलेला दागिनाच बरा. कारण तो निरुपद्रवी असतो. खरा प्रश्न उपस्थित होतो तो पत्रा कापल्यावर. कापलेल्या तोंडाच्या दोन तऱ्हा. पहिलींत तोंडाला कांहींच जोडीत नाहींत; एंजिनाला वारा लागून तें थंड राहील अशी समजूत असते. परंतु एंजिन थंड ठेवणें हें रेडिएटरचें काम, आणि रेडिएटर थंड होतो तो त्याच्या पुढून शिरलेली हवा मागून मोकळेपणीं निघून गेल्यानें. बॉनेटवरून पुढच्या दिशेनें तोंड काढलें, तर वेगांत तेथूनहि वारा आंत शिरतो आणि रेडिएटरमागच्या कोठडींत गर्दी करतो. पुढून येणाऱ्या हवेची वाट त्यानें उलट अडते. गाडी उभी असतांना मात्र तापलेली हवा त्याच तोंडांतून वर निघून जाते, त्यामुळें बॉनेटखालीं हात घालणाऱ्याला फरक पडलासा वाटतो. बॉनेटच्या मागील बिजागऱ्यांखालीं वॉशर घालून तें बोटभर उचलण्याचीहि एक प्रथा आहे. तिची कथा अशीच. समोरच्या उभ्या कांचेवर आदळलेला वारा कांचेच्या पायथ्याशीं दाटतो. म्हणून धांवत्या गाडींत त्या फटींतून उष्ण हवा बाहेर पडण्याऐवजीं बाहेरचीच आंत येते. अमेरिकेंतील शेवरोले कंपनीनें १९७० सालीं आपल्या एका गाडीचें हवेचें तोंड मुद्दाम मागच्या बाजूला, कांचेकडे उघडणारें ठेवलें होतें, तें हाच दाटलेला वारा आंत घेण्यासाठीं. जी फट कारखानदार प्रवेशद्वार म्हणून वापरतो, तीच आपल्याकडे धुराडें म्हणून उघडली जाते!

दुसऱ्या तऱ्हेंत तोंडाला नळी जोडून ती थेट हवा गाळण्याच्या डब्यांत नेतात. कित्येक वेळां मूळ डबाच काढून टाकून नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवितात. येथें दागिन्याची मर्यादा संपते आणि एंजिनाच्या आयुष्याशीं खेळ सुरू होतो.

आरंभीं सांगितलेला दीडशें घनमीटरांचा आंकडा आतां आठवावा. पुढच्या गाडीच्या फुफाट्यांतून जातांना दर घनमीटर हवेंत धूळ केवळ दशांश ग्रॅम धरली, तरी तासाभरांत पंधरा ग्रॅम धूळ एंजिनाच्या दाराशीं येऊन उभी राहते. वजनानें म्हणाल तर तीन चहाचे चमचे साखर. काळ्या मातीचे कण अतिसूक्ष्म असतात, आणि रस्त्याच्या फुफाट्यांत त्यांच्याबरोबर खडी-मुरमाची भुकटी व वाळूचे कणहि असतात. पिस्टनची कडी आणि सिलिंडरची भिंत यांच्या मध्यें तेलाचा जो पापुद्रा असतो, तो केंसाच्या जाडीच्या एका लहानशा अंशाइतकाच. त्याहून मोठा कठीण कण त्यांत सांपडला, कीं तो कानशीप्रमाणें दोन्ही बाजूंना घांसतो, तेलांत उतरतो, आणि बेअरिंगांपर्यंत जाऊन पुनः घांसतो. हें घांसणें कानाला ऐकूं येत नाहीं आणि डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणूनच त्याची भीति कोणाला वाटत नाहीं.

जुन्या जीपच्या कारागिरांना ती भीति ठाऊक होती. त्यांनीं तेलाचा डबा योजिला होता. हवा वरून खालीं येई, तळाच्या तेलावर आपटे आणि एकदम उलटी वळून तारेच्या भिजलेल्या जाळीतून वर जाई. हवा हलकी, ती वळे. धूळ जड, ती तेलांत पडे. डब्याच्या तळाशीं जमलेला चिखल पाहून चालकाला धुळीचें प्रमाण उमगे. आजचा कागदी घड्यांचा फिल्टर त्याहून सरस काम करतो. शंभर भाग धुळींतून क्वचित् एखादाच भाग त्याच्या पलीकडे जातो. किंबहुना थोडा मळलेला कागद नव्यापेक्षांहि बारीक गाळतो, कारण अडकलेली धूळच पुढील धुळीची चाळण बनते. उघड्या शंकूंत बहुधा तेल लावलेली सुती जाळी असते. वर्ध्यासारख्या कापसाच्या मुलुखांत सुताविषयीं ममत्व वाटणें साहजिक आहे. परंतु मोकळी वीण म्हणजे हवेला मोकळीक आणि धुळीलाहि मोकळीक. अधिक श्वास मिळतो तो याच देवघेवींत. डांबरी रस्त्यावर, स्वच्छ हवेंत ती देवघेव परवडेल. पांदणीवर परवडत नाहीं.

या देवघेवीचा निर्णय एकदां फार मोठ्या प्रमाणावर घ्यावा लागला होता. १९४२ सालीं ब्रिटिशांचीं स्पिटफायर विमानें उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत उतरलीं, तेव्हां तेथील वाळूपासून एंजिन वांचविण्यासाठीं त्यांच्या नाकाखालीं वोक्स जातीचा अवजड फिल्टर बसविलेला होता. ती बेढब हनुवटी वाऱ्याला अडवी आणि विमानाचा वेग लक्षांत येण्याइतका कमी करी. वेग हेंच ज्याचें जीवन, त्या लढाऊ विमानानेंहि तो तोटा पत्करला. कारण उघड्या नाकाचें एंजिन वाळूंत फार दिवस टिकलें नसतें. पुढें इजिप्तमधील अबुकीरच्या दुरुस्तीकेंद्रांत कारागिरांनीं त्याहून आटोपशीर फिल्टर तयार केला. त्यांनीं फिल्टर काढून टाकला नाहीं, तो सुधारला. ज्यांना वेगाची गरज प्राणांइतकी होती त्यांनीं धुळीपुढें मान तुकविली. मग लग्नाचें वऱ्हाड आणि खताचीं पोतीं वाहणाऱ्या गाडीनें ताठा कां धरावा?

धुळीनंतर पाणी. मृगाचा पाऊस लागला, कीं नाल्यांना पूर येतात आणि पुलावरून पाणी वाहूं लागतें. वर उघडणाऱ्या तोंडांतून पावसाची धार सरळ डब्यांत उतरते. कागद भिजून फाटतो, आणि डब्याच्या तळाला निचऱ्याचें छिद्र नसेल तर पाणी सांचतें. हवा दाबतां येते, पाणी दाबतां येत नाहीं. अडीच लिटरच्या चार सिलिंडरांच्या एंजिनांत एका सिलिंडराचें माप सव्वासहाशें घनसेंटिमीटर. डिझेलच्या एंजिनांत तें दाबून सुमारें विसाव्या हिश्शावर, म्हणजे तीस-बत्तीस घनसेंटिमीटरांवर आणलेलें असतें. तेव्हां मोठे अडीच चमचे पाणी जरी एका सिलिंडरांत शिरलें, तरी पिस्टनला वरपर्यंत जावयास जागा उरत नाहीं, आणि त्याचा दांडा वेताच्या काठीसारखा वांकतो. पाण्यांतून जाणाऱ्या गाड्यांना कांचेच्या कडेनें टपापर्यंत उंच नेलेली जी नळी दिसते, तिचें प्रयोजन हें. ती नळी ताकदीसाठीं नसून पाणी व खालच्या थरांतील दाट धूळ टाळण्यासाठीं असते. आणि तिचा प्रत्येक सांधा घट्ट असेल तरच ती उपयोगी.

मग तापणाऱ्या, मरगळलेल्या जुन्या गाडीच्या मालकानें करावें तरी काय? जें करावयाचें तें दिसावयास साधें आहे, आणि म्हणूनच कदाचित् तें मागें पडतें. प्रथम रेडिएटर. त्याच्या जाळींत वर्षानुवर्षें अडकलेली माती, कापसाचे तंतु आणि किडे मागील बाजूनें हलक्या पाण्यानें धुऊन काढावे. पंख्याभोंवतालचें कडें तुटलेलें असल्यास तें पुनः बसवावें. त्यावांचून पंखा तीच तापलेली हवा घुसळीत राहतो. पट्टा सैल नाहीं ना, थर्मोस्टॅट उघडतो ना, हें पाहावें. उन्हाळ्यांत गाडी तापण्याचीं बहुतेक कारणें एवढ्यांतच सांपडतात, आणि त्यासाठीं पत्रा कापावा लागत नाहीं.

नंतर हवेची वाट. मूळ डबा आहे तोच ठेवावा. त्याचें तोंड जर एंजिनाच्या कुशींत उघडत असेल, तर तेथून एक रुंद नळी पुढील जाळीच्या मागें, चाकाच्या चिखलापासून दूर आणि शक्य तितकी उंच न्यावी. डबा व एंजिन यांच्यामध्यें पत्र्याचा एक आडोसा लावावा. थंड हवेचा जो शेंकडा पांच-सहा लाभ सांगितला, तो सर्व एवढ्यानें मिळतो, आणि फिल्टर आपल्या जागीं राहतो. डब्यापासून एंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी बोटांनीं दाबून तिला तडे गेले आहेत काय हें पाहावें. कारण फिल्टरच्या पलीकडे पडलेला एक तडा हा कितीहि उत्तम फिल्टरला निरुपयोगी करतो. त्याची परीक्षा अशी: नळी काढून तिच्या आंतून पांढरें स्वच्छ फडकें फिरवावें. फडकें मळलें तर धूळ आंत पोहोंचत आहे. कागदी फिल्टर अंधाऱ्या खोलींत दिव्यासमोर धरावा. एखाद्या घडींतून सुईच्या टोंकाएवढाहि प्रकाश डोकावला, तर तो टाकून द्यावा. फिल्टर झटकण्यासाठीं हवेची बंदूक पूर्ण दाबानें त्यावर धरण्याची जी संवय गॅरेजांत दिसते, तिनेंच हीं छिद्रें पडतात.

याउपर कोणास पत्रा कापावयाचाच असेल, तर त्यानें कायद्याचीहि आठवण ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलांशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें हें बंधन कडकपणें पाळण्याचा निर्वाळा दिला. कोणता बदल या व्याख्येंत बसतो, हें गॅरेजांत न विचारतां वर्ध्याच्या परिवहन कार्यालयांत आधीं विचारलेलें बरें. शिवाय चालकाच्या दृष्टीसमोर उभा राहणारा उंच फुगवटा वळणावर पुढचें लहान मूल झांकूं शकतो, ही गोष्ट कोणत्याहि कलमावांचून समजण्यासारखी आहे.

आपल्याकडे ‘नाकापेक्षां मोती जड’ अशी म्हण आहे. स्कूपची किंमत कांहीं हजारांत चुकते. परंतु त्याच्या पायीं घांसलेलें एंजिन बांधावयास काढलें, म्हणजे सिलिंडर बोअर करणें, नवे पिस्टन, नव्या रिंगा आणि गाडी उभी राहिल्यानें बुडालेले दिवस, असा तो हिशेब होतो. आणि तोहि पैशांत मोजतां येणारा हिशेब झाला. त्याच्या पलीकडे एक हिशेब आहे.

डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो, कीं ती स्वतःच जाळण्याइतकी तापते, आणि मग तेलाचा फवारा तींत पेट घेतो. कड्या घांसल्या, भिंती झिजल्या, कीं दाबलेली हवा फटींतून निसटते. ती पुरेशी तापत नाहीं, आणि एंजिन नुसतें कण्हत राहतें. उन्हाळ्यांत हें ध्यानांत येत नाहीं, कारण तेव्हां हवाच तापलेली असते. ध्यानांत येतें तें पौषाच्या रात्रीं. रोहण्यांतील एखाद्या घरीं कोणाच्या छातींत कळ येते, किंवा बाळंतिणीचे दिवस भरतात. सेवाग्रामचें कस्तूरबा रुग्णालय गांठावयाचें असतें, आणि दारांतली जुनी जीप हेंच त्या वेळचें एकमेव वाहन असतें. किल्ली फिरते, स्टार्टर गरगरतो, बॅटरीचा जोर उतरत जातो. त्या क्षणीं बॉनेटवरचें नाक किती डौलदार आहे, याकडे कोणाचेंहि लक्ष नसतें. मे महिन्यांत जी धूळ आंत गेली, तिची वसुली डिसेंबरांत होते.

उष्म्याला भिऊन धुळीला दार उघडणें यालाच मराठींत आगींतून फुफाट्यांत पडणें म्हणतात. आणि वर्ध्याकडील वाटांवर त्या म्हणीचा अर्थ अक्षरशः खरा आहे. जुन्या गाडीला श्वास हवा, यांत शंका नाहीं. परंतु नाकाचें पहिलें काम हवा घेणें हें जितकें खरें, तितकेंच दुसरें कामहि खरें आहे, तें म्हणजे नको तें बाहेर थोपविणें. मनुष्याच्या नाकांत केंस उगाच नसतात.